रंगपटातून : एका भागाचे पाहुणे मार्क लेनर्ड

गेल्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं, ‘थोडाच वेळ पडद्यावर येऊन कायमची छाप सोडणाऱ्या नटांपैकी तुमच्या मनात पहिलं नाव कुणाचं येतं?’ मी मार्क लेनर्ड हे नाव लिहिलं आणि जागा संपल्यामुळे तिथेच थांबले. आपल्याकडचे एवढे चरित्र अभिनेते असताना हा परदेशी माणूस कोण, असं विचारणारी पत्रं आली. काहींनी दूरदर्शनच्या दिवसांच्या आठवणी लिहून पाठवल्या. म्हणून या महिन्याचं सदर लेनर्ड यांच्यासाठी. भाजलेली त्वचा आणि खोटी दाढी यांबद्दलचे रंगभूषेचे प्रश्न जपून ठेवले आहेत, ते पुढच्या वेळी घेते.

प्रश्न : ताई, नातवाने शोधून सांगितलं की तुमचे लेनर्ड ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेतले. पण मुख्य कलाकारांच्या यादीत त्यांचं नाव सापडलं नाही. मग त्यांना एवढा मान कशासाठी? (निवृत्त शिक्षक, सिन्नर)

उत्तर : गुरुजी, नातवाने बरोबर शोधलं. ते यादीत नाहीतच. ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीन हंगाम चालली. यानावरची सात-आठ माणसं ठरलेली. यान दर आठवड्याला नव्या ठिकाणी जाणार, तिथे नवी माणसं भेटणार आणि त्यांची कामं करायला दर आठवड्याला नवे नट येणार. हे पाहुणे कलाकार. लेनर्ड त्यांच्यापैकी एक. मूळ मालिकेत ते फक्त दोन भागांत दिसतात, तेही दोन वेगळ्या पात्रांत.

त्यांचं मूळ नाव लेनर्ड रोझेनसन. जन्म १५ ऑक्टोबर १९२४, शिकागोचा. लहानपण मिशिगन राज्यातल्या साउथ हेवन गावात गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात छत्रीधारी सैनिक होते. नंतर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर घडले आणि तिथून पडद्याकडे वळले. पुढची सगळी वर्षं कधी सरकारी वकील, कधी लष्करी अधिकारी, कधी खलनायक, असं जे येईल ते करत राहिले. चरित्र अभिनेत्याचा संसार सगळीकडे असाच चालतो.

आता मान कशासाठी, ते सांगते. १५ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेत दाखवलेला एक भाग आहे, ‘बॅलन्स ऑफ टेरर’. रोम्युलन नावाच्या शत्रूजमातीचं एक यान सीमा ओलांडून आलं आहे, चौक्या उद्ध्वस्त करून परत निघालं आहे आणि मालिकेतल्या मुख्य यानाचा कॅप्टन कर्क त्याचा पाठलाग करतो आहे. पाणबुड्यांच्या युद्धपटांवर बेतलेली गोष्ट. दोन कप्तान एकमेकांना दिसत नाहीत, फक्त एकमेकांच्या चालींचा अंदाज बांधत राहतात. त्या शत्रूयानाच्या सेनानीचं काम लेनर्ड यांनी केलं आहे. त्या पात्राला नावसुद्धा नाही. श्रेयनामावलीत नुसतं ‘रोम्युलन कमांडर’ एवढंच आहे.

हा सेनानी पहिल्यांदा दिसतो तेव्हाच थकलेला आहे. आरडाओरडा नाही, डोळे वटारणं नाही. हुकूम मानतो आहे, पण या मोहिमेतून आणखी एक युद्ध पेटणार हे त्याला कळून चुकलेलं आहे. त्याच्याबरोबर एक म्हातारा सेनाधिकारी आहे, कित्येक मोहिमांतला जुना सोबती. त्याच्याशी बोलताना लेनर्ड यांचा आवाज अर्ध्यावर येतो. घरातल्या माणसाशी आपण बोलतो तसा. दुसरा एक तरुण, महत्त्वाकांक्षी अधिकारी संदेश न पाठवण्याचा हुकूम मोडतो, तेव्हा त्याचा हुद्दा उतरवताना तोच आवाज सपाट आणि थंड होतो. दोन वाक्यांत कळतं, या यानावर कोण कुणाचं आहे. पुढे तो म्हातारा सोबती मरतो. शत्रूला चकवण्यासाठी यानातला मोडका पसारा बाहेर फेकायचा ठरतं आणि हा सेनानी मित्राचं शवही त्या पसाऱ्यात टाकायला सांगतो. हुकूम देण्याआधी लेनर्ड किंचित थांबतात. तेवढ्यात सगळं दुःख येऊन जातं.

शेवटी यान मोडून पडतं आणि तेव्हा कुठे दोन कप्तान पडद्यावरून एकमेकांना पहिल्यांदा पाहतात. धुरात कशाला तरी धरून उभा असलेला हा माणूस कर्कला सांगतो की वेगळ्या जगात आपण मित्र झालो असतो. मग शेवटचं कर्तव्य म्हणून स्वतःचं यान स्वतःच उडवून देतो. जेमतेम पन्नास मिनिटांचा भाग, त्यातही याच्या वाट्याला अर्ध्याहून कमी. आधी न पाहिलेला, पुढे कधी न दिसणारा, नाव नसलेला शत्रू, आणि त्याच्यासाठी गळा दाटून येतो. गुरुजी, मान यासाठी.

प्रश्न : मी अभियांत्रिकीला आहे आणि कॉलेजच्या एकांकिकांना रंगभूषा करतो. साठच्या दशकात संगणक नव्हते. मग ते टोकदार कान कसे करत? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : हातानेच. आधी नटाच्या कानाचा साचा घ्यायचा, त्यावर मातीने टोक घडवायचं, दुसरा साचा काढायचा आणि त्यात फोम लेटेक्स, म्हणजे फुगवलेलं रबर, भाजून कानावर बसणारी टोपी तयार करायची. ती कानावर चढवून स्पिरिट गम या रंगभूषेच्या डिंकाने चिकटवायची. खरी कसोटी पुढे आहे. लेटेक्सची कड कातडीला मिळते ती जागा कॅमेऱ्याला दिसता कामा नये. म्हणून कड कागदाहून पातळ ठेवायची आणि वरून रंग असा थापायचा की कातडी कुठे संपली, लेटेक्स कुठे सुरू झालं, हे कळू नये. पातळ कडा काढताना फाटतात. त्यामुळे कर्कच्या यानावरचा टोकदार कानांचा अधिकारी स्पॉक, त्याचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांना सारख्या नव्या जोड्या लागत. मूळ मालिकेची रंगभूषा फ्रेड फिलिप्स या गृहस्थांकडे होती.

तू विचारलंस म्हणून ‘बॅलन्स ऑफ टेरर’मधली एक गंमत सांगते, तुझ्या एकांकिकांना उपयोगी पडेल. रोम्युलन जमातीचे कान स्पॉकसारखेच टोकदार. यानावर तर सगळी रोम्युलन माणसं. प्रत्येकाला कान करायचे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही गेला. म्हणून मुख्य दोन-चार पात्रांनाच कान केले आणि बाकीच्या शिपायांच्या डोक्यावर कान झाकणारी शिरस्त्राणं चढवली. पाहणाऱ्याला वाटतं, सेनेचा गणवेशच तसा असणार. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या रंगपटात मी हीच युक्ती वापरत आले आहे. दरबाराचा प्रवेश असेल तर राजा आणि प्रधान यांना पूर्ण विग आणि मिशा, मागच्या हुजऱ्यांना नुसती पागोटी, कानांवर ओढून बांधलेली. दहा जणांचा वेळ वाचतो आणि तोच वेळ राजाच्या चेहऱ्यावर घालता येतो.

भुवयांचंही ऐक. निम्मी भुवई वर वळवायची असेल तर खरी भुवई उपटायची गरज नाही. बाहेरचा अर्धा भाग ओल्या साबणाने केसांच्या दिशेने दाबून सपाट कर, वाळू दे, वर पावडर, मग रंग. नंतर क्रेपचे खोटे केस एकेक करून तिरके लाव, झुबक्याने लावू नकोस. लेनर्ड यांच्या सेनानीच्या भुवया बघ. कपाळ आणि कान यांच्यामधली ती रेघ एवढी ठळक आहे की नटाला चेहरा फार हलवावाच लागत नाही. चांगली रंगभूषा नटाचं काम कमी करते. मात्र ती कमी झालेली जागा भरायला आत माणूस लागतो.

प्रश्न : तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळालीत स्थायिक झालो. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका आम्ही सहकुटुंब बघत असू. स्पॉकचे वडील यानावर येतात तो भाग अजून आठवतो. बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. तेच का तुमचे लेनर्ड? (देवळाली कॅम्प)

उत्तर : तेच, साहेब. त्या भागाचं नाव ‘जर्नी टू बेबल’. तो अमेरिकेत १७ नोव्हेंबर १९६७ ला दाखवला गेला. लेखिका डी. सी. फोंटाना. स्पॉकचे वडील सारेक हे व्हल्कन ग्रहाचे राजदूत. मुलाने त्यांच्या मनाप्रमाणे विज्ञान अकादमीत न जाता अंतराळ दलात नोकरी धरली आणि अठरा वर्षं दोघांत बाप-लेकासारखा एक शब्द झालेला नाही. दोघंही अशा जमातीचे जिथे भावना दाखवणं असभ्य समजलं जातं. म्हणजे भांडायचं आहे, दुखावलेलं आहे, माया आहे, आणि यातलं काहीच चेहऱ्यावर आणायचं नाही. नटाला याहून अवघड काय सांगणार?

लेनर्ड यांनी ते पाठीच्या कण्यातून केलं आहे. सारेक मुलाच्या समोरून जातात तेव्हा मान वळत नाही, पण चालीचा वेग अगदी थोडा बदलतो. कॅप्टनला उत्तर देताना ते पूर्ण वाक्य बोलतात, मुलाचा विषय निघाला की वाक्य आखूड होतं. आणि पत्नीबरोबर चालताना ते दोन बोटं पुढे करतात, ती आपली दोन बोटं त्यांवर टेकवते, बस. पत्नी अमांडा पृथ्वीवरची आहे. जेन वायट यांनी ते काम केलं. मी तरुण रंगकर्मींना तो तुकडा आवाज बंद करून बघायला सांगते. लग्नाची एवढी वर्षं, तिने सोडलेलं घर, त्याने न बोललेला आदर, सगळं त्या चार बोटांत दिसतं.

तुमच्या पिढीला हा भाग भिडला यात मला नवल वाटत नाही. बाप-लेकाचा असा दुरावा आपल्या नाशिकच्याच वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये मांडला होता. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज, काशिनाथ घाणेकर संभाजीराजे. तिथे शब्दांचा पूर आहे, इथे शब्दांची चणचण आहे, पण बापाची घुसमट एकच. कानेटकर इथे एचपीटी महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या नाटकांवर वाढलेल्या माणसाला सारेक परका वाटायचं कारण नाही.

आणखी एक सांगते, कारण तुमच्या पत्राच्या शेवटी ‘म्हातारा बाप’ असं लिहिलं आहे. लेनर्ड हे निमॉय यांच्यापेक्षा जेमतेम साडेसहा वर्षांनी मोठे होते. निमॉय यांचा जन्म २६ मार्च १९३१ चा. चित्रीकरणाच्या वेळी ‘बाप’ चाळिशीच्या सुरुवातीला आणि ‘मुलगा’ छत्तिशीत होता. केसांत थोडा पांढरा रंग सोडला तर रंगभूषेत म्हातारपणाचं काहीही नाही, एक सुरकुतीसुद्धा काढलेली नाही. बाकीचं अंतर लेनर्ड यांनी आवाजाने आणि संथपणाने भरून काढलं.

पुढे तर वेगळंच घडलं. १९८४ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात सारेक पुन्हा आले. दिग्दर्शक होते निमॉय. मुलाचं काम करणारा माणूस कॅमेऱ्यामागे, बाप कॅमेऱ्यासमोर. मुलगा गेला असं समजून सारेक कर्कच्या घरी जातात आणि त्याला जाब विचारतात. त्या प्रवेशात पहिल्यांदा या दगडी माणसाला तडा गेलेला दिसतो. चौथा चित्रपट १९८६ चा. त्याच्या शेवटी सारेक मुलासमोर मान्य करतात की अंतराळ दलाला विरोध करण्यात आपलं चुकलं असावं. दूरदर्शनवरच्या त्या भागापासून इथपर्यंतचा प्रवास सलग बघितलात तर तुम्हाला फार बरं वाटेल. मुलांनाही बरोबर बसवा.

प्रश्न : एकाच माणसाने तीन वेगळ्या जमातींची पात्रं केली असं ऐकलं. प्रेक्षकांना ते खटकत नव्हतं का? (नाशिक रोड)

उत्तर : रोम्युलन १९६६ मध्ये, व्हल्कन १९६७ मध्ये आणि १९७९ च्या पहिल्या चित्रपटात क्लिंगॉन. या तिन्ही जमाती पडद्यावर साकारणारे लेनर्ड पहिले नट. क्लिंगॉन कप्तान तर चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला येतो आणि थोड्याच वेळात यानासकट नाहीसा होतो. कपाळावर हाडांचे उंचवटे असलेला क्लिंगॉन त्या चित्रपटापासून सुरू झाला. मूळ मालिकेत ती जमात नुसती गडद रंग आणि दाढी-मिशांवर भागवली होती. त्या प्रवेशात लेनर्ड क्लिंगॉन भाषेत हुकूम देतात. त्या भाषेचे पहिले शब्द मालिकेत इंजिनियर स्कॉटीचं काम करणारे नट जेम्स डूहान यांनी तयार केले होते. पुढे मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञांनी तिला व्याकरण दिलं.

खटकण्याचं म्हणाल, तर दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली अण्णा साळुंखे राम आणि सीता दोन्ही झाले होते. तेव्हा फाळक्यांचं बस्तान आपल्या नाशकातच होतं. पाहणारे त्या पडद्यावरच्या रामाला हात जोडत. लेनर्ड यांनी आणखी एक असंच काम केलंय. १९७४ मध्ये वानरांच्या ग्रहाची मालिका आली, तिच्यात ते जनरल उर्को नावाचे गोरिला सेनापती होते. अख्ख्या चेहऱ्यावर जाड रबर. नटाजवळ उरतात डोळे, मान आणि आवाज. ती मालिका एकाच हंगामात बंद झाली, पण मुखवट्याखाली काम करणाऱ्या कुठल्याही नटाने उर्कोची मान बघावी. रबर हलत नाही हे ओळखून त्यांनी सगळा राग मानेत आणि खांद्यांत नेला आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना गेली काही वर्षं विस्मरणाचा आजार आहे. भाऊ म्हणाला, तुमच्या या नटाने अशा आजारी म्हाताऱ्याची भूमिका केली आहे. मी ती बघावी का, की त्रास होईल? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : तुमचं पत्र मी सगळ्यांत शेवटी उघडलं आणि सगळ्यांत जास्त वेळ हातात धरून बसले. त्रास होईल. तरी बघा. एकटीने बघू नका, भावाला सोबत घ्या.

तो भाग १४ मे १९९० ला दाखवलेला, ‘स्टार ट्रेक’च्या नव्या पिढीच्या मालिकेतला. त्याचं नावच ‘सारेक’. कथेत सारेक २०२ वर्षांचे आहेत. लेनर्ड स्वतः तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. आजार विस्मरणाचा नाही हे आधी सांगते. आयुष्यभर भावनांवर ठेवलेला ताबा सुटत जाण्याचा आजार आहे. त्यांना एक शेवटची वाटाघाट पार पाडायची आहे, ती त्यांच्याशिवाय कुणी करू शकत नाही. पत्नी आणि मदतनीस मिळून आजार लपवतात. त्यांच्या वतीने बोलतात, त्यांना गर्दीपासून दूर ठेवतात, ‘ते थकले आहेत’ असं सांगतात. हा भाग तुमच्या घराच्या फार जवळ येईल, कारण आपणही हेच करतो. पाहुण्यांसमोर वडिलांचं वाक्य पुरं करतो, नाव विसरले की पटकन सुचवतो, आणि त्यांनाही कळत असतं की आपण हे करतो आहोत.

एका संध्याकाळी यानावर तंतुवाद्यांची मैफल असते. पहिल्या रांगेत सारेक बसलेले. चेहरा नेहमीसारखा स्थिर. आणि डोळ्यातून एक थेंब गालावर उतरतो. बाकी काही हलत नाही. पत्नीच्या ते लक्षात येतं आणि ती त्यांना तिथून घेऊन जाते. तेवीस वर्षांपूर्वीचा तो कणा, ती आखूड वाक्यं तुम्ही पाहिली असतील तर त्या एका थेंबाचा अर्थ कळतो. म्हणून मी आधी १९६७ चा भाग बघायला सांगेन.

नंतर या नव्या मालिकेतल्या यानाचे कॅप्टन पिकार्ड त्यांना समोर बसवून सत्य सांगतात. सारेक तर्काने प्रतिवाद करू लागतात. हे अतार्किक आहे, म्हणतात. मग पुन्हा तेच. मग पुन्हा, मोठ्याने, तोच एक शब्द, आणि आवाज फुटतो. हा प्रवेश माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत मी घरात पाहिला होता, शब्द वेगळे होते इतकंच. लेनर्ड यांनी त्यात दया मागितलेली नाही. आपण कोण होतो हे पूर्ण आठवणारा माणूस आपल्या हातातून आपणच निसटताना बघतो आहे, असं ते करतात.

उपाय म्हणून सारेक आणि पिकार्ड आपली मनं काही तासांसाठी जोडतात. सारेकना पिकार्डची स्थिरता मिळते आणि सारेकच्या मनातलं वादळ पिकार्डच्या अंगात येतं. पत्नीवरची, मुलावरची न बोललेली माया पिकार्ड रडत, ओरडत बोलून टाकतात. पॅट्रिक स्ट्युअर्ट यांनी तो प्रवेश जीव ओतून केला आहे आणि त्याचं कौतुक नेहमी होतं, ते योग्यच आहे. मला त्यात लेनर्डही दिसतात. ते त्या खोलीत नाहीत. पण दुसऱ्या नटाच्या तोंडून जे बाहेर पडतं ते त्यांनी वीसेक वर्षं आत दाबून ठेवलेलं आहे. त्यांनी १९६७ मध्ये मुलाकडे मान वळवली असती, तर १९९० च्या या प्रवेशाला इतकं वजन आलं नसतं.

वडिलांना संगीत आवडत असेल तर ते सुरू ठेवा. आणि भाग पाहून झाल्यावर वाटलं तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : आपल्या मालिकांत असे पाहुणे नट का दिसत नाहीत? (सातपूर)

उत्तर : रचनेमुळे. ‘स्टार ट्रेक’सारख्या मालिकेत दर भागाला नवी, पूर्ण होणारी गोष्ट असे. त्यामुळे पाहुण्याला सुरुवात, मध्य, शेवट असं सगळं मिळे. आपल्या रोजच्या मालिका एकाच घरात महिनोन्‌महिने चालतात. नवा नट आला तर तो पाहुणा राहत नाही, नात्यातला होतो किंवा कटात सामील होतो. नट आपल्याकडे कमी नाहीत. निळूभाऊ फुल्यांना एक प्रवेश दिला की पडदा त्यांचा होऊन जायचा. विज्ञानकथेच्या बाजूने म्हणाल तर दूरदर्शनवर १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आली होती, मुलांनी ती डोक्यावर घेतली. अशा मालिका आणखी व्हायला हव्या होत्या. जयंत नारळीकरांनी मराठीत एवढ्या विज्ञानकथा लिहून ठेवल्या आहेत. दर आठवड्याला एक कथा, एक नवा चरित्र अभिनेता, असं कुणी मनावर घेतलं तर मी आजही रंगपटाची पेटी घेऊन यायला तयार आहे.

प्रश्न : ताई, राज्य नाट्य स्पर्धेत मला या वर्षीही दीड पानाची भूमिका मिळाली आहे. ‘आत्या’ एवढंच लिहिलंय, नाव नाही. नाकारू का? (पंचवटी)

उत्तर : घे. आणि तालमीच्या आधी एवढं कर. आत्या कुठून आली, कशाने आली, घरात पाऊल टाकण्याआधी दारात किती वेळ उभी राहिली, हे ठरव. कुणाला सांगू नकोस, दिग्दर्शकालाही नको. नाटकातल्या कुठल्या माणसाशी तिचा आवाज खाली येतो आणि कुणाशी वर जातो, हे पक्कं कर. ‘बॅलन्स ऑफ टेरर’चा पहिला अर्धा भाग बघ आणि फक्त सेनानी आणि म्हातारा सोबती यांचे प्रवेश पुन्हा पुन्हा बघ. म्हातारा सोबती झालेल्या जॉन वॉरबर्टन यांना तर लेनर्डपेक्षाही कमी वाक्यं आहेत. ते ऐकतात कसं, ते बघ. दीड पानात तुझी वाक्यं थोडी असतील, पण इतरांची वाक्यं ऐकायचं काम पूर्ण प्रवेशभर आहे.

वयाने मोठं दिसायचं म्हणून कपाळावर रेघा ओढून घेऊ नकोस. साईखेडकरला तिसऱ्या रांगेतून त्या रेघाच दिसतात. कानाजवळचे केस थोडे पांढरे कर, ओठांचा रंग उतरव आणि खाली बसताना आधी हात खुर्चीला लागू दे. रंगपटात लवकर आलीस तर मी करून देईन.

प्रश्न : त्यांचं पुढे काय झालं? आणि पाहायला सुरुवात कुठून करू? (कॉलेज रोड)

उत्तर : २२ नोव्हेंबर १९९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाने ते गेले. वय ७२. उतारवयातही रंगमंच सुटला नव्हता. ‘स्टार ट्रेक’मध्येच चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर कोनिग यांच्याबरोबर ते दोनच पात्रांचं एक नाटक करत. पुढे सारेकचं काम बेन क्रॉस आणि जेम्स फ्रेन यांनीही केलं, नेटकं केलं. तरी सारेक म्हटलं की मला लेनर्ड यांचाच आवाज ऐकू येतो.

क्रम असा ठेव : आधी ‘बॅलन्स ऑफ टेरर’, मग ‘जर्नी टू बेबल’, मग तिसरा आणि चौथा चित्रपट, मग ‘सारेक’. शेवटी नोव्हेंबर १९९१ मधला ‘युनिफिकेशन’ हा दोन भागांचा. त्याच्या पहिल्या भागात सारेक अंथरुणावर आहेत, नेहमीचं अभिवादन करायला जातात आणि वाक्य अडतं. बाप-लेकाची भेट होत नाही. सारेकनी पिकार्डच्या मनात ठेवलेलं मुलापर्यंत कसं पोहोचतं, ते दुसऱ्या भागाच्या अखेरीस आहे. म्हणून दोन्ही भाग एकाच बैठकीत बघ, मध्ये दिवस जाऊ देऊ नकोस.